घासलेले हात

लिथारी गावात मळक्या हातांनी डॉक्टरकडे कुणी जात नसे. जीव गेला तर गेला, हात स्वच्छ हवेत.

बंदराच्या गावाहून डॉक्टर दर गुरुवारी डोंगरावर यायचा. म्हणून बुधवारी दुपारी चार-पाच घरांच्या अंगणात एकच देखावा असायचा. चीज करून उरलेल्या निवळीनं भरलेलं घमेलं, त्यात कुणाचे तरी हात नाहीतर पाय भिजत घातलेले, आणि शेजारी बसून घरातली बाई कुरुंदाचा दगड फिरवतेय. कुरुंद घरचाच. नाक्सोस बेटाच्या या डोंगरात दुसरं पिकलं तरी काय! गावाचे बाप-आजे त्याच्याच खाणीत वाकून वाकून संपले. जो दगड लोखंड गुळगुळीत करतो त्याच्यापुढे माणसाचा तळवा काय टिकणार? बैलाच्या खुरासारखी जाड, पिवळी कातडी पापुद्र्या-पापुद्र्यानं निघायची. मग ऑलिव्हचं तेल चोळायचं. गुरुवारी सकाळी माणूस डॉक्टरसमोर बसायचा तो नवरदेवाचे हात घेऊन. डॉक्टर नाडी बघायचा, छातीला नळी लावायचा, ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणायचा आणि गोळी द्यायचा. नव्या डॉक्टरांना खेड्यात सक्तीचं असलेलं एक वर्ष उरकून तो उतरून जायचा, दुसरा चढून यायचा. त्याच्याहीसमोर नवरदेवाचेच हात.

आणि या जाड हातांच्या घरांतली माणसं पटापट मरायची. म्हातारी होऊन नव्हे. तिशी-चाळिशीत, उभ्या उभ्या. गावाकडे कारणं तयार असत. घामाघूम अंगानं गार पाणी प्याला. दृष्ट लागली. खाणीतली धूळ बाधली. या दोन गोष्टींची गाठ एकानंही मारली नाही. मुलगा जन्मला की डोक्यावर मेंढीच्या लोकरीसारखे घट्ट केस, रांगायला लागला की तळवे जाड व्हायला सुरुवात, आणि गाव म्हणणार, ‘वा! खाणीसाठीच जन्मलाय.’ स्वतःच्या मूर्खपणाला आशीर्वाद म्हणायला माणसाला फार अक्कल लागत नाही.

स्तामाताच्या घरात हा आशीर्वाद बापाला होता आणि धाकट्या भावाला, याकूमिसला. तिचे स्वतःचे केस सरळ, तळवे मऊ. म्हणून दगड तिच्या हाती आला. आईनं तिला बजावून ठेवलं होतं, “डॉक्टर शिकलेला माणूस. त्याच्या हातात द्यायचा तो माणसाचा हात द्यावा, जनावराचा नव्हे.” आई गेली. दगड राहिला. याकूमिस आठ वर्षांचा होता तेव्हापासून स्तामाता त्याचे हात घासत आली. आता तो चौतीसचा आणि ती एक्केचाळीसची.

दोघं मिळून गावच्या खालच्या अंगाला चीज करायचे. दगडी खोली, मधे तांब्याची मोठी कढई. याकूमिसचं काम कढईचं. दूध गोठलं की दही फोडून त्याच्या कण्या करायच्या आणि कढत निवळीत हात घालून त्या गोळा करायच्या. दुसऱ्याचा हात भाजून निघाला असता. हा कोपरापर्यंत हात घालून वर गाणी म्हणायचा. सगळ्या डोंगरात त्याच्या हातांची कीर्ती होती, आणि तोही ती मिरवायचा. स्तामाताचं काम कानाचं. फळ्यांवर मुरत ठेवलेली चीजची चाकं ती रोज बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायची. चांगल्या चाकाचा आवाज भरीव. आत फट असली की आवाज बोदा. वरून साल कितीही सोन्यासारखी असो, तिच्या कानाला फसवणं शक्य नव्हतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. ती मिठाची पाटी घेऊन आत आली तर याकूमिस कढईशेजारी ओल्या फरशीवर आडवा. डोळे अर्धे उघडे. पाटी तिच्या हातातून सुटली. ती त्याच्या अंगावर पडून हाका मारायला लागली, तोवर त्यानं डोळे उघडले.

“मीठ सांडलंस,” तो म्हणाला.

“तुझ्या मिठाला आग लागो! काय झालं?”

“घसरलो.”

“घसरलेला माणूस हात टेकतो. तू पोत्यासारखा पडलायस. खरं सांग, आधी कितीदा झालं?”

“एकदा. शेळ्यांच्या वाड्यामागं. उपाशी होतो गं.”

स्तामाताला बाप आठवला. बाप एक्केचाळीसचा होता तेव्हा खळ्यात मळणी करताना असाच पडला होता, तो उठलाच नाही. त्याच्या आधी महिनाभर तोही दोनदा ‘घसरला’ होता. आज ती स्वतः एक्केचाळीसची होती. घरात उरलेली माणसं दोन. त्यातलं एक जाऊ द्यायचं नाही, एवढं तिनं फरशीवरचं मीठ झाडता झाडता ठरवलं.

आणि मग तिनं काय केलं? बुधवारी दुपारी घमेलं भरलं. दगड काढला. भावाचे तळवे, तळपाय दोन तास घासले. डोक्यावर मशीन फिरवून लोकर पार उतरवली. इस्त्रीचा शर्ट दिला. प्रेमानं केलं सगळं, तेच तर जिव्हारी लागतं. वैऱ्याला जमलं नसतं इतक्या निगुतीनं तिनं भावाचा आजार पुसून काढला आणि मग त्याला डॉक्टरकडे नेलं.

त्या वर्षीची डॉक्टर बाई होती. एल्पिनिकी, तिकडे वोलोसची, सव्वीस-सत्तावीसची, आवाज घोगरा. गुरुवारी चार तासांत तिच्यासमोर चाळीस माणसं. हृदयाची पट्टी काढायचं यंत्र दुरुस्तीला म्हणून बंदरावर गेलेलं, ते महिना झाला परत आलं नव्हतं. तिनं दाब पाहिला, छाती ऐकली, याकूमिसचा गुळगुळीत हात हातात घेऊन नाडी मोजली.

“काम काय करता?”

“चीज.”

“हात छान ठेवलेत.”

स्तामाता अभिमानानं फुलली. डॉक्टरीणबाई म्हणाली, “कढईच्या वाफेनं चक्कर येत असेल. पाणी प्या, दारं उघडी ठेवा. यंत्र आलं की एकदा येऊन जा.”

बाहेर पडल्यावर याकूमिसनं कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना लगेच ऐकवलं,

“वर आली डॉक्टरीण, गळ्यात तिच्या नळी,
माणूस मेला तरी म्हणेल, घे रे एक गोळी!”

म्हातारे खिदळले. लिथारीत असंच आहे. भांडण असो, सोयरीक असो, शेजाऱ्याची शेळी आपल्या शेतात शिरलेली असो, बोलायचं ते जोडओळीत. एकानं दोन ओळी टाकायच्या, दुसऱ्यानं तिथल्या तिथं यमक जुळवून परत करायच्या. ज्याला उत्तर सुचलं नाही त्यानं टोपी काढायची आणि समोरच्याचं ऐकायचं. कोर्टात खोटं बोललेला माणूस गावात चालतो. जोडओळीत हरून टोपी न काढणारा चालत नाही.

यंत्र आलं का, हे विचारायला याकूमिस काही गेला नाही. स्तामातानं मात्र रिवाजाप्रमाणे ईस्टरला डॉक्टरीणबाईला चीजचं एक चाक धाडलं.

ईस्टर होऊन आठ दिवस झाले असतील. सोमवार होता, दवाखान्याचा वार नव्हे. दारात सावली पडली म्हणून स्तामातानं पाहिलं तर डॉक्टरीणबाई, बगलेत तेच चाक.

“एवढं मोठं मी एकटी कधी खाणार? अर्धं कापून द्या, अर्धं ठेवा,” ती म्हणाली आणि आत आली.

याकूमिस कढईवर वाकला होता. बाह्या वर, डोक्यावर टोपी. त्यानं कढत निवळीतून कण्यांचा पांढराशुभ्र गोळा दोन्ही हातांनी वर उचलला. दीड-दोन महिन्यांत दगड लागला नव्हता. तळवे पुन्हा पिवळे, जाड, भेगाळलेले.

“ते खाली ठेवा,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “हात दाखवा.”

“काम चाललंय, बाई. साच्यात घातल्याशिवाय सोडता येत नाही. गार झालं की धरत नाही.”

ती थांबली. त्यानं गोळा साच्यात दाबला, वर दगड ठेवला, मग हात पुढं केले. तिनं ते उलटसुलट पाहिले, आणि तिचा चेहराच उतरला.

“हे हात त्या दिवशी कुठं होते?”

“घासले होते ना!” स्तामाता कौतुकानं म्हणाली. “तुमच्यापुढं काय असे हात घेऊन यायचं? आम्हाला रीत आहे, बाई.”

“घासले? कशानं?”

स्तामातानं खिडकीतला दगड आणून दाखवला. डॉक्टरीणबाई उपड्या बादलीवर मटकन बसली. मग ओरडली, “तुम्हाला कळतंय का काय केलंत? मी फसले! सात महिने मी इथं येतेय! डोंगरात असे लोक असणार हे मला माहीत होतं, मी हात बघत होते प्रत्येकाचे! आणि तुम्ही घासून आणताय!”

“ओरडू नका माझ्या घरात.”

“या आजाराला तुमच्या बेटाचं नाव आहे, बाई. नाक्सोसचा आजार. जगभरच्या पुस्तकांत आहे.”

आता स्तामाता पेटली. “पुस्तकात छापलंत? नाव आमचं लावलंत? आणि आम्हाला सांगायला वर कोण आलं? गोळ्या द्यायला आलात, मतं मागायला आलात, खाणी बंद करायला आलात. हे सांगायला कोण आलं?”

डॉक्टरीणबाईनं नाक पुसलं. “कुणी नाही. मी आलेय आता. चुकून आलेय, चीज घेऊन. सांगू का?”

“सांगा.”

“कातडी एकसंध दिसते, ती तशी नसते. बारीक बारीक पेशी असतात, एकमेकींना धरून बसलेल्या. त्यांच्यामध्ये टिचबटणं असतात म्हणा. तुमच्या झग्याला असतात तशी. ती बटणं ज्या मालाची बनतात त्यातला एक माल या लोकांत खोटा असतो. आईकडूनही खोटा आला, बापाकडूनही खोटा आला, की आजार होतो. मग जिथं ओढाताण जास्त तिथं बटणं सैल पडतात. तळवे. तळपाय. कातडी बिचारी जाड होते आणि निभावून नेते. केस लोकरीसारखे होतात तेही त्याच मालामुळं.”

“मग झालं तर! जाड झाली, निभावलं,” याकूमिस हात पुसत म्हणाला.

“तसलीच बटणं आणखी एका जागी आहेत. तिथं जन्मापासून मिनिटाला सत्तरदा ओढाताण चालते.”

स्तामाताचा हात आपोआप छातीकडे गेला.

“हो, तिथंच,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “तिथं जाड होऊन भागत नाही. पेशी सुटतात, मरतात, त्यांच्या जागी व्रण आणि चरबी भरते. मग ठोक्याची वाट चुकते. माणूस घसरतो. एकदा, दोनदा. टोपी काढा, याकूमिस.”

“टोपी मी फक्त हरल्यावर काढतो.”

“चेष्टा नाही ही. अथेन्सला जायला लागेल. छातीत एक डबी बसवतात. ठोका भरकटला की ती झटका देऊन वाटेवर आणते.”

“आणि ऑगस्टात? मरियामाउलीच्या जत्रेत नाचाच्या रिंगणाचा म्होरक्या कोण? अकरा वर्षं मी उड्या मारतोय.”

“उड्या बंद.”

“मग डबी तुमच्याच छातीत बसवा.” तो हसला, पण हसू ओठांच्या पुढं गेलं नाही.

स्तामाता फळ्यांकडे गेली. वरच्या फळीवरून एक चाक उतरवलं. साल अशी की राजाच्या ताटात शोभावी. ते तिनं टेबलावर ठेवून पेरानं ठोकलं. बद्द. पुन्हा ठोकलं. बद्द.

“हे महिन्याभरापूर्वी मी बाजूला काढलंय,” ती म्हणाली. “तू केलेलं आहे. कण्या गार झाल्यावर साच्यात घातल्यास, त्यांनी एकमेकींना धरलंच नाही. वरून बघ, काही दिसतंय?” तिनं सुरी घातली. चाक दुभागलं आणि आतून भुगा सांडला. मधोमध बोट जाईल अशी फट.

याकूमिस फटीकडे बघत राहिला. “मी चीज नाही, स्तामाता.”

“नाहीस. चीज असतास तर तुझं मला केव्हाच कळलं असतं. सव्वीस वर्षं हात घासले तुझे. सालच घासत बसले.”

तिचा आवाज फाटला. ते त्याला सोसेना, आणि असं काही सोसलं नाही की लिथारीचा माणूस करतो तेच त्यानं केलं. हात कमरेवर ठेवून दोन ओळी टाकल्या,

“हात माझे खडकाचे, काळीज माझं पोलाद,
डॉक्टरांना घाबरणारी नाही आपली औलाद!”

स्तामातानं डोळे पुसलेसुद्धा नाहीत. सुरी हातातच होती.

“खडकाचेच हात घेऊन खळ्यात पडला बाप,
पोलादाच्या काळजाला लागली नाही धाप.”

याकूमिसनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. बापाशी यमक जुळवणारे शब्द ढिगानं आहेत, त्याला सगळे येत होते. एकही बाहेर आला नाही. त्यानं टोपी काढली.

मेंढीची लोकर. डॉक्टरीणबाईनं नुसती मान हलवली.

“कधी निघायचं?” त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी बंदरावर पट्टी काढली. कागदावरच्या रेघांनी डॉक्टरीणबाईचं म्हणणं खरं केलं. त्याच आठवड्यात बोटीनं अथेन्स. मोठ्या इस्पितळात याकूमिसनं आपल्या जोडओळींनी नर्सांना वैताग आणला, आणि मेच्या अखेरीला तो परतला तो गळ्याच्या हाडाखाली टिचभर डबी घेऊन. महिनाभर डावा हात वर करायचा नाही म्हणून कढई स्तामातानं सांभाळली, मोठा लाकडी पळा घेऊन. चीज बरं झालं. त्याच्यासारखं नाही झालं. ते तिनं त्याला सांगितलं नाही, त्यानं चाखून ओळखलं आणि दिवसभर खूश होता.

जुलैत एक शेळी कड्यावर चढली. पळायचं नाही हे विसरून हा मागं लागला. अर्ध्या चढणीवर डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि लगेच छातीत अशी लाथ बसली की हा बांधावर बसकण मारून शिव्या द्यायला लागला. शिव्या ऐकून स्तामाता धावली.

“काय झालं रे?”

“गाढवानं लाथ घातली. आतून.”

ती त्याच्याशेजारी बांधावर बसली. तिला कळलं काय झालं ते. बापाला असं गाढव मिळालं नव्हतं. ती रडली, मग हसली, मग त्याच्या पाठीत एक ठेवून दिली, पळालास म्हणून. शेळी वरून दोघांकडे बघत चरत होती.

मरियामाउलीच्या जत्रेला चौकात व्हायोलिन लागलं. रिंगणाचा रुमाल याकूमिसनं स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या हाती दिला. हे त्याला सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिला संथ फेरा तेवढा त्यानं बहिणीचा हात धरून घातला. मग वाजवणाऱ्यांच्या पंगतीत खुर्ची टाकून बसला, राकीच्या दारूऐवजी लिंबाचं पाणी घेऊन, आणि येईल-जाईल त्याला जोडओळींनी सोलायला लागला. कट्ट्यावरच्या एकानं डिवचलं, “काय रे, डबीवाल्या, लग्न कधी?” तर लगेच उत्तर,

“बिनलग्नाचा राहिलो तरी सासू मिळाली छातीत,
जरा काळीज झोपलं की लाथ घालते पाठीत!”

चौक लोटपोट झाला. अकरा वर्षं उड्या मारून मिळाली नव्हती इतकी दाद त्याला त्या दिवशी बसल्या जागी मिळाली.

आता गुरुवारी सकाळी स्तामाता चीजच्या खोलीत नसते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसते. आत डॉक्टरीणबाई एल्पिनिकी, जिनं आपलं सक्तीचं वर्ष संपल्यावर आणखी एक मागून घेतलं. दाराशी स्तामाता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला हिला हात दाखवावा लागतो.

ऑक्टोबरात चुलत आत्या फ्लोरियू नातीला घेऊन आली. पोरगी बारा वर्षांची, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, तळवे लालबुंद, गुळगुळीत, तेलानं चकाकणारे.

“घासलेस, आत्या?”

“मग काय घाणेरडी आणू? चारचौघांत?”

“दगड कुठाय?”

“तुला काय करायचाय?”

“आत्या, दगड दे.”

म्हातारीनं शालीआडच्या पिशवीतून दगड काढला. तो ती बरोबरच घेऊन आली होती, पायरीवर शेवटचा हात मारायला. स्तामातानं तो घेतला आणि शेजारच्या टोपलीत टाकला. टोपलीत तसले आठ होते.

“आता पोरीचा रुमाल सोड. आत जा, पट्टी काढून घे, यंत्र आहे आज. आणि महिन्यानं परत आण. एकही पापुद्रा काढायचा नाही. आहे तशी आण.”

“लोक काय म्हणतील गं?”

“लोकांना माझ्याकडे धाड.”

पोरगी रुमाल सोडून आत गेली. केस मोकळे सुटले, लोकरीचे, मोठा गुंतवळ. खालच्या अंगानं याकूमिसच्या गाण्याचा आवाज वर येत होता. म्हणजे त्याचे हात कढईत होते. स्तामातानं कान देऊन तो ऐकला, चाक ऐकावं तसा, आणि पुढच्या माणसाला हात पुढं करायला सांगितलं.